तिसऱ्या बारीची मोट

मित्रांनो, मी एक जुनी मोट आहे. इंदापूरजवळच्या बावडा गावातल्या एका गोठ्याच्या तुळईला मला टांगून ठेवले आहे. विहिरीवर इंजिन आल्यापासून माझ्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. खाली रवंथ करणाऱ्या गाईची ऊब तेवढी अधूनमधून माझ्यापर्यंत पोहोचते.

माझा जन्म सुरीच्या धारेखाली झाला. सोपान नावाच्या कारागिराने एका म्हाताऱ्या बैलाचे कातडे बाभळीच्या सालीत मुरवले, पायांनी तुडवले, खुंट्यांना ताणले आणि दाभणाने टोचून टोचून मला आकार दिला. तोंडाला लोखंडी कडे बसवले, खाली सोंड शिवली. कड्याला जाड नाडा बांधला, सोंडेला सोंदूर नावाचा बारीक दोर. त्यांची दुसरी टोके बैलांच्या जुवाला. बैल उतरत्या धावेवरून खाली गेले, की मी भरून वर येई आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात पाणी ओती. हाकणारा त्या वेळी नाड्यावर बसे. त्याच्या भाराने बैलांना जोर मिळे. माझे वैभवाचे दिवस ते. उन्हाळ्यात पाटाला पाणी लागले, की बाया म्हणत, "मोट न्हाय, आई हाय ही."

विहीर तीन घरांची होती आणि मीही तिघांची. एक घर वृद्ध जोतीरामआबांचे, दुसरे रावजीचे, तिसरे विधवा द्वारकाबाईचे. रावजी हा तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. प्रत्येकाची पाण्याची बारी ठरलेली होती आणि रिवाजही ठरलेला: ज्याची बारी, त्याच्या घरच्यानेच दिवस मावळायच्या आत मोट हाकावी. दुसऱ्याने ओळीने तीन बाऱ्या हाकल्या, तर ती बारी कायमची त्याची. हा रिवाज कुठेही लिहिलेला नव्हता. त्यामुळे तो खोडताही येत नव्हता.

द्वारकाबाईचा एकुलता मुलगा रामहरी बारामतीच्या शाळेत इंग्रजी शिकवी. आईची बारी रविवारी असे, म्हणून तो एस.टी.ने येऊन नाड्यावर बसे. तो अबोल होता. बैलांवर त्याने असूड कधी उगारला नाही. धावेवरून मागे सरताना तो इंग्रजी वाक्ये पुटपुटे आणि बैल कान हलवत. त्याला हबसाणात, म्हणजे समुद्रापलीकडच्या इथिओपियात, इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली होती.

"आरं, त्या हबशांवर बी सायबाचं राज्य व्हतं का?" आबांनी एकदा विचारले.

"न्हाय आबा, त्यांचा त्यांचा राजा हाय."

"मग आपनहून विंग्रजी शिकायची अवदसा कुठनं आठवली त्यास्नी?"

रामहरी हसला. मित्रांनो, त्याचे हसू विहिरीतल्या कवडशासारखे असे. दिसते न दिसते तोच सरकून जाई.

निघण्याची तयारी सुरू झाली आणि रामहरीला उसंत मिळेना. देवी टोचून घ्यायच्या, पासपोर्टसाठी खेटे घालायचे, थंड डोंगरी मुलखासाठी लोकरीचा कोट शिवून घ्यायचा. अशा धांदलीत बारामतीच्या बाजारात रावजी भेटला, तेव्हा रामहरी सहज म्हणाला, "काका, दोनतीन रविवार आमची बारी तुमीच हाका. मला यायला जमत न्हाय."

"त्यात काय इचारायचं?" रावजी म्हणाला. "पानी काय येगळं हाय का आपलं?"

पुस्तकांत बुडालेल्या रामहरीला रिवाज आठवला नाही. रावजी त्याच्या पुढच्याच रविवारी आला, त्यानंतरच्याही आला. दुसऱ्या रविवारी दिवस मावळताना त्याने माझ्या कड्यावर थाप मारली आणि द्वारकाबाईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आता येकच ऱ्हायली." त्या थापेने माझ्या कातड्यावर शहारा आला. त्या माऊलीच्या मळ्यात वांगी आणि मिरच्या उभ्या होत्या. पाणी गेले, तर मुलगा परदेशी आणि आई उपाशी. बाईने नाड्यावर बसायची रीत नव्हती, म्हणून तिने भाजीच्या गाडीवाल्यापाशी रामहरीला निरोप धाडला.

तिसऱ्या रविवारी रामहरी दुपारी उतरला. नवा कोट अंगातच होता. सवय व्हावी म्हणून तो उन्हातही घालून हिंडे आणि लोक हसत. बाभळीखाली आबा बसले होते. रामहरीने मोऱ्या आणि हौश्या हे घरचे बैल जुंपले. मी पाण्यात उतरले, भरले, वर निघाले.

रावजी कुऱ्हाड घेऊन आला.

"उतर खाली, मास्तर. आज मी हाकनार."

"काका, बारी आमची हाय."

"सोडून चाललास न्हवं मुलूख? मग पानी कशाला धरून ठेवतूस? आन् हात लावून तर बघ. येक फिर्याद दिली, की तुजं हबसाण हितंच, इंदापूरच्या कोठडीत."

रामहरीने मान खाली घातली आणि बैलांना हाक दिली. तो नाड्यावर बसला होता, बैल उताराच्या तळाशी पोहोचत आले होते आणि मी काठाशी. रावजीने कुऱ्हाड नाड्यावर घातली.

मित्रांनो, दोर तुटतो त्याचा आवाज हाड मोडल्यासारखा असतो. ओढ एकाएकी सुटली आणि दोन्ही बैल तोंडावर कोसळले. मोऱ्याची मान जुवाखाली मुरगळली. रामहरी दगडांवर आपटला. मी विहिरीच्या कडेवर आदळले, माझ्या कुशीला वीतभर चीर गेली, आणि एकट्या सोंदुराच्या आधाराने मी थारोळ्यापाशी लोंबकळत राहिले. तिथून मला सारे दिसत होते. दिसले नसते तर बरे झाले असते.

मोऱ्या पाय झाडत होता. रामहरीच्या कपाळातून रक्त वाहत होते. तो उठला आणि ज्या हाताने आजवर असूड उगारला नव्हता, त्या हाताने त्याने असूड उचलला. पहिल्या फटक्याने रावजीची कुऱ्हाड गळाली. दुसरा मानेवर बसला. मग मोजदाद उरली नाही. असुडाची वादी हवा कापत येई आणि मांस घेऊन परत जाई. त्यातला एक फटका डोळ्यावर बसला. रावजी गुडघ्यांवर आला, हात जोडू लागला, तरी असूड थांबेना. रामहरीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. ना इंग्रजी, ना मराठी.

द्वारकाबाई मध्ये शिरली. एक फटका तिच्या दंडावर उमटला, तेव्हा कुठे तो थांबला.

"मारून टाकलास तर तू बी गेलास आन् पानी बी गेलं," ती म्हणाली. "दिस बुडाया आलाय. नाडा बांध."

मोऱ्या आता हलत नव्हता. जुवाची एक बाजू रिकामी होती. रामहरीने कोट काढला, त्याचा बोळा करून माझ्या चिरलेल्या कुशीत दाबला आणि वरून सुतळी करकचून आवळली. तुटलेल्या नाड्याला गाठ मारली. मग हौश्याशेजारी, मेलेल्या बैलाच्या जागी, त्याने आपला खांदा जुवाखाली दिला. आणि जिथे आजवर एकही बाई बसली नव्हती, त्या नाड्यावर द्वारकाबाई बसली.

"हाकू?" तिने विचारले.

"हाक, आई."

मी वर येऊ लागले. कोटाची लोकर पाणी पिऊन फुगली, चिरेतून रक्तासारखी धार गळत राहिली. खाली मुलाचे पाय दगडांत रुतत होते. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला असताना मी थारोळ्यात पाणी ओतले. अर्धेच, पण ओतले.

जोतीरामआबा काठीवर भार देऊन उठले. "मोट आली. बारी द्वारकाची ऱ्हायली. हितनं फुडं बी तिनंच हाकायची. तिचा येक, माजा येक, असा पैरा करून बैल म्या देतो." मग ते रावजीकडे वळले. "तुला फिर्याद द्यायची तर दे. बैल कुनी मारला ते म्या सांगंन."

रावजीने फिर्याद दिली नाही. त्याचा डोळा मात्र गेला.

रामहरी त्याच आठवड्यात निघाला, कोटाशिवाय. जाण्यापूर्वी तो विहिरीवर आला. सोपानने घातलेल्या माझ्या नव्या टाक्यांवरून त्याने डावा हात फिरवला. उजवा त्याने पाठीमागे धरला होता, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. "आता ह्या हातानं मी पोरांना शिकवणार," एवढेच तो म्हणाला.

रावजीची बारी आली, तेव्हा तो डोळ्याला फडके बांधून दूर उभा राहिला. माझ्याजवळ यायला त्याचे पाय धजेनात. द्वारकाबाईने मला तेल चोळून पुसले आणि नाडा त्याच्यापुढे धरला.

"धरा, भावजी. आज तुमची हाय."

त्याने धरला. मी त्याच्यासाठीही तितकीच भरून वर आले.

मित्रांनो, कातडे कमावलेले असले, तरी त्याला तेल हवे असते. ते मिळाले नाही, की ते आतून तडकत जाते आणि बाहेरून कळत नाही. माणसाचेही तसेच असावे. जे सगळ्यांच्या तहानेचे आहे, त्याची निगा राखा. तुमच्यातला जो सर्वांत शांत असेल, त्याच्याकडेही कधी लक्ष द्या. त्याच्या हाती असूड येईपर्यंत थांबू नका.