डिंगोऱ्याच्या डीपीवरचा हिरवा दिवा

प्राचीचं यंत्र लेकरासारखं गुणी निघालं, असं सगळा विभाग म्हणत होता. पुण्यात विद्यापीठाच्या इलेक्ट्रिकल विभागात ती पीएच.डी. करत होती, आणि यंत्र बसवलं होतं तिच्या गावी, डिंगोऱ्यात, चुलत्याच्या बांधावरच्या डीपीवर, म्हणजे विहिरींवरच्या मोटारींना वीज वाटणाऱ्या पेटीवर. काम म्हणाल तर राखणदाराचं. मोटारींकडे गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांचा मेळ बसला नाही, म्हणजे ती कुठेतरी लोखंडात, पाण्यात उतरतेय. मग यंत्रानं लाईन तोडायची आणि हिरवा दिवा लाल करायचा.

सुरुवातीला ते उठसूट लाईन तोडायचं. मग एकाएकी शहाणं झालं, पावसाळाभर दिवा हिरवाच. आपण प्रोग्राममध्ये केलेला बदल लागू पडला, असं प्राचीला वाटलं. त्यावर लिहिलेला पेपर स्वीकारला गेला आणि प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे तिनं सगळ्यांना भेळ दिली, शिपाईमामांनासुद्धा. फक्त शेजारच्या टेबलावरची सिद्धी, मंचरच्या ओसवालांची, आलेख बघून म्हणाली होती, "एवढ्या मोटारी आहेत, मग यंत्रातून वीज इतकी कमी का जाते गं?"

"पाऊस आहे, मोटारी बंद असतील," प्राची म्हणाली आणि भेळेत कांदा कालवू लागली. गावाला एक फोन लावला असता तर उलगडा झाला असता. पण सुखातला जीव दुःखात कोण घालील? तिनं फोन लावला नाही.

हिवाळ्यात प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीचे दोन पाहुणे यंत्र बघायला डिंगोऱ्यात आले. सोबत प्राचीचे मार्गदर्शक भोर सर. पाहुण्यांनी मान हलवली तर प्रकल्प पुढे चालणार होता, आणि नुसता प्राचीचा नव्हे, त्याच पैशांवर चाललेला सिद्धीचाही. चुलत्यानं, हौशीरामानं, मासवडीचा बेत केला होता. चुलती प्रयागबाई वाढत होती, पण रश्श्याची पळी तिच्या हातात ठरेना.

"काकू, हाताला काय झालं?"

"मुंग्या येत्यात गं. वात असंल. मलम लावतीय."

"सारख्या येतात?"

"न्हाई बाई, घरात काय न्हाई. हिरीवर पाइप धरला की लई येत्यात."

प्राचीनं हातातला घास ताटात ठेवला. मोटारीच्या पाइपात वीज उतरत होती आणि तिचं गुणी यंत्र हिरवा दिवा लावून बसलं होतं. ती तशीच उठली आणि चुलत्याला गोठ्यामागे घेऊन गेली.

"काका, डीपीवर तुम्ही काही केलंय?"

हौशीरामाचा चेहरा शाबासकी मिळाल्यासारखा खुलला. "कळलं व्हय तुला? आगं, सारखं बंद पडायचं. ऐन पाण्याच्या पाळीला लोकं म्हणायची, हौशीरामाच्या पुतणीनं खेळणं आणून ठिवलंय. मला न्हाई ऐकवलं. म्हणून यंत्राच्या बाहेरनं वायरीचा जोड दिला. वीज जाती बाहेरनं, दिवा ऱ्हातो हिरवा, आन तुझं नाव बी ऱ्हातं."

प्राचीला राग आला आणि रडूही आलं. रागवायचं तरी कुणावर? तेव्हा यंत्र बिघडून बंद पडत नव्हतं, खरं सांगत होतं.

तिनं सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सर बराच वेळ हात धूत राहिले. मग हळूच म्हणाले, "काकांना सांग, आज मोटार चालू करायची नाही. पाहुणे गेले की जोड काढू. सिद्धीचंही यावर अवलंबून आहे, प्राची." माणूस वाईट नव्हता, प्रयोगशाळा त्यांनी उभा जन्म घालून वाढवली होती. आणि प्राचीनंही मान हलवली, हे लपवण्यात अर्थ नाही. ती काकांना निरोप द्यायला वळली.

पण तोवर सगळे डीपीपाशी पोचले होते. पाहुणे हिरव्या दिव्याकडे कौतुकानं बघत होते. "असंच गावोगाव बसवायला हवं," एक जण म्हणाला. "जरा मोटार चालू करून दाखवा ना."

हौशीरामानं नेहमीसारखी विहिरीकडे हाक दिली, "आगं, मोटार टाक." प्रयागबाई तिथं ताटं घासत होती. ओल्या हातानंच ती उठली आणि पाइपाला धरून स्टार्टरकडे निघाली.

"काकू, थांब. कशाला हात लावू नको," प्राची ओरडली आणि तिनं डीपीचा मेन स्विच खाली ओढला.

मग तिनं यंत्राची पेटी उघडली, चुलत्याचा जोड सोडवला आणि पाहुण्यांपुढे धरला. "पावसाळाभर वीज यातून जात होती. यंत्रातून नाही." काकूला लांब उभं करून तिनं मेन वर केला. कोरड्या काठीनं स्टार्टर दाबला. मोटार गुरगुरली न गुरगुरली तोच लाईन तुटली. दिवा लाल झाला.

"यंत्र चांगलं आहे," पाहुणा म्हणाला. "पण पेपरातले आकडे?"

"खोटे आहेत. मला विचारता आलं असतं, मी विचारलं नाही."

पाहुणे चहा न घेता गाडीत बसले. सिद्धीला काय सांगायचं, याचा विचार करत प्राची यंत्राची पेटी बंद करू लागली.

हौशीराम त्या लाल दिव्याकडे बघत उभाच होता. मग विहिरीपाशी गेला आणि सगळ्यांदेखत त्यानं बायकोचा हात हातात घेतला. एवढ्या संसारात चारचौघांत असं कधी झालं नव्हतं.

"कवापासनं व्हतंय?"

"पाऊस लागल्यापासनं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी गावभर सांगत व्हता, आता पोरीचं यंत्र कसं झ्याक चालतंय," प्रयागबाई म्हणाली. "त्यात माझं कुठं सांगत बसू?"