वॉटी गिलनला डोंगरावरून नेलं तेव्हा

वॉटी गिलन मंगळवारी पहाटे गेला आणि त्याच दुपारी इस्टेटीची चिठ्ठी आली. मालकांना फार वाईट वाटलं होतं. शवपेटी चर्चपर्यंत न्यायला ते आपली मोटार लॉरी द्यायला तयार होते. चिठ्ठी घेऊन गेले ती मीच. १९२१ साली किर्कलेरनच्या वरच्या खोऱ्यातलं टपाल मी वाटत असे. आमचा टपालवाला लढाईवर गेला तेव्हा त्याची पिशवी माझ्या खांद्यावर आली. तो परतला नाही आणि पिशवी खांद्यावरून उतरली नाही.

वॉटीची बायको मिरेन ओट्याशी उभी राहून ओटच्या भाकऱ्या थापत होती. पीठ लागलेल्या हातानंच तिनं चिठ्ठी वाचली.

"इझबेल, मालकांना सांग, आभारी आहोत. पण वॉटी खिंडीतून जाईल."

"मावशी, खिंडीतल्या फाटकाला कुलूप आहे."

"ठाऊक आहे. नवरा गेलाय माझा, डोळे नाही गेले."

आमचं पॅरिश, एका चर्चखालचा सगळा मुलूख, म्हणजे खांद्यावर टाकलेली पडशी. एक कप्पा डोंगराच्या अलीकडे, एक पलीकडे. चर्च, शाळा, लोहार, दुकान सगळं खालच्या कप्प्यात. वरच्या खोऱ्यात पाच घरं, मेंढरं आणि वारा. दोन्हींच्या मधे कॉर्बी खिंड. खिंडीतून चर्च सात मैल. गाडीरस्त्यानं शेजारच्या पॅरिशला वळसा घालून तेवीस मैल. असली आखणी कुणी केली ते देव जाणे, पण एकदा केली ती केली. शेकडो वर्षं वरच्या खोऱ्यातली माणसं बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मातीला खिंडीतूनच गेली. वाटेवर सात ठिकाणी चपटे दगड आहेत. पेटी टेकवायची, खांदे बदलायचे, घोटभर व्हिस्की घ्यायची आणि पुढं निघायचं. विसाव्याचे दगड.

हे मालक म्हणजे एडिंबरोचा एक साहेब; दोन वर्षांपूर्वी त्यानं तो सगळा डोंगर शिकारीसाठी विकत घेतला. माणसांच्या येण्याजाण्यानं रानकोंबड्या बुजतात म्हणून त्यानं फाटकाला कुलूप घातलं. लोक कुरकुरले, पाद्रीबुवांनी एक सभ्य पत्र लिहिलं आणि तेवढ्यावर राहिलं. कुलूप लागल्यापासून वरच्या खोऱ्यात कुणी मेलं नव्हतं. पहिला मरणारा कुठल्या वाटेनं जातो यावर सगळं ठरणार, हे प्रत्येकाला कळत होतं. वॉटी तर म्हणायचा, "मला मरायला घाई नाही, पण मेलो की तमाशा होईल आणि तो बघायला मीच नसेन."

बुधवारी पाद्रीबुवा, म्हणजे मिस्टर गेमेल, सायकलवरून तेवीस मैल आले. माणूस भला, पण भांडण म्हटलं की त्यांचं पोट दुखायचं.

"मिरेनबाई," ते चहाचा कप सांभाळत म्हणाले, "मेलेल्याला वाटेचं काय? देव सगळ्याच रस्त्यांवर आहे."

"मेलेल्याला नाहीच फरक पडत, पाद्रीबुवा. मागं राहतात त्यांना पडतो. माझी दोन लेकरं त्या वाटेनं गेली. आज मी लॉरीत बसले, की उद्या सगळ्यांनाच लॉरीत बसवतील. आणि परवा म्हणतील, वाट होतीच कुठं?"

"पण पेटी उचलणार कोण? डोंगराला आठ माणसं तरी लागतात."

खोऱ्यात धडधाकट पुरुष उरले होते तीन. चौथा जॉक मॅक्विनी, त्याचा डावा हात फ्रान्समध्ये राहिला होता. बाकीच्या अकरा जणांची नावं चर्चच्या फाटकाजवळच्या नव्या दगडावर कोरलेली होती.

मिरेननं हात पुसले. "तीन पुरुष, जॉकचा एक खांदा, आणि आम्ही बायका."

आमच्याकडे बाया मातीला जात नसत. दारापर्यंत जायचं, पेटी वळणाआड गेली की आत येऊन भांडी घासायची. पाद्रीबुवांनी तोंड उघडलं, पण मिरेनच पुढं म्हणाली, "रिवाजाला पुरुष लागतात, बुवा. ते कुठं आहेत ते तुम्हीच दगडावरून वाचून दाखवलंत ना? मग?"

पाद्रीबुवांनी चहा संपवला. "मी पलीकडे, खालच्या पायथ्याशी थांबतो," एवढंच म्हणाले आणि सायकलवर बसले.

शुक्रवारी सकाळी आम्ही चौदा जण निघालो. पेटीखाली तीन आडवे दांडे, एका वेळी सहा खांदे. माझा खांदा पहिल्यांदा लागला तेव्हा वाटलं, एवढासा वाळलेला म्हातारा आणि केवढा हा भार! मिरेन एकोणसत्तर वर्षांची. तिला आम्ही खांदा देऊ दिला नाही, म्हणून ती पुढं चालत होती आणि ओल्या जागा काठीनं दाखवत होती. पहिल्या विसाव्याला ती म्हणाली, "हा म्हातारीचा दगड. हिवाळ्यात एका म्हातारीची पेटी इथं तीन दिवस विसावली होती, बर्फ वितळेपर्यंत." दुसऱ्याला आणखी काही. तिला प्रत्येक दगड ठाऊक होता. कोण टेकलं, कुठल्या साली, त्या दिवशी हवा कशी होती. जॉक म्हणाला, "मावशी, माझ्या वेळी काय सांगशील?" ती म्हणाली, "सांगेन, वाटेत सगळी व्हिस्की यानंच संपवली."

चौथ्या विसाव्यानंतर खिंड येते. तिथं डोंगराच्या माथ्यावरून छातीइतका उंच गडगा गेलेला आहे. चुना नाही, माती नाही, नुसत्या दगडांवर दगड. त्यात लाकडी फाटक, फाटकाला कुलूप, आणि कुलपापाशी खांद्यावर बंदूक टाकून ॲडम स्प्रोट.

ॲडम मालकांचा रानराख्या, शिकारीची पाखरं सांभाळणारा. परका नव्हे; खालच्या कप्प्यातला, लोहाराच्या शेजारचा. राहायचा इस्टेटीच्या घरात, बायको आणि तीन पोरींसह.

आम्ही पेटी गवतावर टेकवली.

"मिरेनमावशी," ॲडमनं टोपी काढली, "वॉटीकाकांचं फार वाईट झालं. पण मला उघडता यायचं नाही. सक्त हुकूम आहे. अजून लॉरी तयार आहे, मी स्वतः—"

"तुझी आई कुठल्या वाटेनं गेली रे, ॲडम?"

ॲडमची मान खाली गेली. त्याची आई माहेरी, म्हणजे आमच्या खोऱ्यात, आजारी पडून वारली होती.

"याच," तो पुटपुटला.

"पुढचा डावा दांडा वॉटीच्या खांद्यावर होता."

"ठाऊक आहे मला. पण मावशी, किल्ली काढली की माझं घर गेलं. पोरींना घेऊन कुठं जाऊ?"

मला वाटलं, आता मिरेन त्याला फाडून खाणार. पण ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या कोटाचा खिसा, किल्लीचा, वरून थोपटला. "मग काढूच नकोस. मी तुझ्याकडे किल्ली मागायला आलेच नाही."

जॉक म्हणाला, "पेटी गडग्यावरून उचलून पलीकडे देऊ की. त्यात काय!"

"खबरदार!" मिरेन गर्रकन वळली. "सबंध आयुष्य तो ओरडत राहिला, गडग्यावर चढू नका, माथ्याचे दगड ढिले होतात. आणि त्यालाच वरून नेऊ? चोरासारखा? हा गडगा त्याच्या हातचा आहे. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी रचला. तो बाहेरचे, चेहऱ्याचे दगड लावायचा, मी मधे पोटात बारीक दगडांची भर टाकायची. जसा रचला तसा उतरवायचा, आणि वॉटी पलीकडे गेला की परत रचायचा."

फाटकापासून दहा पावलांवर तिनं जागा निवडली, शाल कमरेला बांधली आणि माथ्याचा पहिला दगड उतरवला.

"मावशी," ॲडम म्हणाला, "मला हे लिहून कळवावं लागेल."

"लिही की. नीट लिही. उतरवला ते लिही आणि लावला तेही लिही."

दगड ओळीनं गवतावर मांडायचे, माथ्याचे एकीकडे, मोठे दुसरीकडे, भर वेगळी. तिनं सांगावं आणि आम्ही करावं. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. तासाभरात दांड्यांसकट पेटी जाईल एवढं खिंडार पडलं. सहा जणांनी पेटी उचलली आणि वॉटी गिलन स्वतःच्या गडग्यातून सरळ, मान न वाकवता, पलीकडे गेला.

पलीकडे पेटी ठेवून आम्ही परत रचायला लागलो. हे काम अवघड. माझी बोटं सोलवटली होती. मी एक लांब दगड उचलला आणि जागेत बसतोय म्हणून गडग्याच्या लांबीला लावला.

"असा नाही!" मागून ॲडमचा आवाज आला. "लांब बाजू आत घाल, नाहीतर पोट फुगेल आणि दोन हिवाळ्यांत सगळा बाहेर येईल."

मी काढून पुन्हा लावला. पुन्हा चुकला. ॲडमनं बंदूक उतरवून फाटकाला टेकवली, माझ्या हातातला दगड घेतला, एकदा फिरवला आणि बसवला. मग दुसरा घेतला. पोरवयात तो दोन वर्षं वॉटीच्या हाताखाली गडगे घालायला होता, हे मला तेव्हा कळलं. तो आणि मिरेन समोरासमोर, दोन बाजूंनी चढत गेले. शेवटचा माथ्याचा दगड त्यानं लावला, तळव्यानं दाबून पाहिला, बंदूक उचलली आणि पुन्हा फाटकापाशी जाऊन उभा राहिला. आम्ही उताराला लागलो तेव्हा त्याची टोपी पुन्हा हातात होती.

पायथ्याशी पाद्रीबुवा होते, आणि त्यांच्यामागं खालचं जवळजवळ सगळं गाव. कुणी न सांगता लोहारानं माझ्या खांद्याखालचा दांडा घेतला. मिरेन कबरीपर्यंत गेली. दारातच थांबायला तिथं दारच नव्हतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. मालकांनी मिरेनवर खटला भरला: अतिक्रमण आणि मालमत्तेची नासधूस. जिल्ह्याच्या गावी चार दिवस सुनावणी झाली. मालकांचे वकील मोठे गोड बोलायचे.

"बाई, सरकारी नकाशात ही वाट दाखवलेलीच नाही."

"नकाशा काढणारा आला तेव्हा धुकं होतं," मिरेन म्हणाली. "चार दिवस माझ्या सासूच्या चुलीपाशी बसून भाकऱ्या खात होता. पाचव्या दिवशी म्हणाला, तुम्हीच सांगा डोंगर कुठं आहे, आणि तिनं बोट दाखवलं तिकडं त्यानं काढला. वाट विचारायला विसरला."

न्यायाधीशांना हसू आवरेना. मग तिनं सातही विसाव्याचे दगड एकापाठोपाठ एक सांगितले. नावं, सालं, कोणाची मयत, कोण खांद्याला. तिचं सांगणं अर्धा तास चाललं.

खरं आश्चर्य पाद्रीबुवांचं. पोट धरून बसणारा हा माणूस सहा आठवडे चर्चची जुनी दप्तरं उपसत होता. १६९७ सालचं एक पान घेऊन ते उभे राहिले. चर्चच्या पंचांनी ठरवलं होतं की वरच्या खोऱ्यातल्या लोकांना मयत टेकवण्यासाठी खिंडीच्या वाटेवर दगड बसवावेत. ते पान त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचलं.

शेवटी ॲडम. मालकांच्या बाजूचा तोच एक साक्षीदार. वकिलांनी विचारलं, "गडग्याची मोडतोड झाली हे तुम्ही पाहिलंत?"

"गडगा उतरवलेला पाहिला."

"म्हणजे मोडलेला."

"नाही साहेब. उतरवला आणि परत लावला. आधीपेक्षा चांगला. आधी त्या जागी एक दगड सैल होता."

"परत कुणी लावला?"

त्यानं जबानीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "निम्मा त्यांनी," तो म्हणाला. "निम्मा मी."

त्या क्षणी त्याचं घर गेलं, हे दालनातल्या प्रत्येकाला कळलं. त्यालाही. मी त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती ताठ बसली होती, तिन्ही पोरी शेजारी, केस चापून विंचरलेले. ती आधीच ठरवून आली होती.

निकाल आमच्या बाजूनं लागला. वाट लोकांची, फाटक असू शकतं, कुलूप नाही. ॲडमला महिन्याभरात घर सोडावं लागलं. मिरेननं वॉटीची खोली, त्याची हातोडी आणि त्याची गिऱ्हाइकं, तिन्ही त्याच्या हवाली केली. पुढची तीस वर्षं आमच्या भागातले गडगे ॲडम स्प्रोटनं घातले.

निकालानंतरच्या रविवारी मिरेन खिंडीतून चर्चला गेली. त्याच्या पुढच्या रविवारीही. पाऊस असो, गारा असोत, ब्याऐंशी वर्षांची होईपर्यंत. पाद्रीबुवा एकदा थट्टेनं म्हणाले, "मिरेनबाई, एवढी भक्ती तुमच्यात कुठून आली?"

"भक्ती कसली, बुवा," ती बुटांचा चिखल झाडत म्हणाली. "वाट मळलेली राहायला पाहिजे. तुमचं प्रवचन ऐकणं हा त्याचा दंड."

आता वरच्या खोऱ्यात दोनच घरांतून धूर निघतो आणि मयतीची गाडी डांबरी रस्त्यानं वळसा घालून जाते. माझ्या गुडघ्यांना दर महिन्याला एक रविवार झेपतो, जास्त नाही. गेल्या खेपेला तिसऱ्या विसाव्यापुढं नेच्यांचं रान कमरेइतकं माजलं होतं. या वेळी मी कोयता घेऊन जाणार आहे.