बाबांशी इंग्रजी बोलू नका

वेल्समधल्या आमच्या गावाचा एकच दोष आहे: माणसं फार सभ्य आहेत. वीस जण वेल्शमध्ये तावातावाने भांडत असतात, तेवढ्यात माझे बाबा दारातून आत येतात, आणि विसाच्या वीस जण अर्ध्या वाक्यातून इंग्रजीत वळतात. उरलेलं भांडण इंग्रजीत! का, तर एका माणसाला परकं वाटू नये.

आणि तो एक माणूस चार वर्षं तसाच परका राहिला.

आम्ही मूळचे इंग्लंडमधल्या वुल्वरहॅम्प्टनचे. इथे आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला बाहेरून आलेल्या मुलांच्या भाषावर्गात बसवलं आणि नाताळपर्यंत मी वेल्शमध्ये चहाड्या करायला लागले सुद्धा. बाबांना कोण बसवणार? ते प्लंबर. "टॅम्सिन, नळ कुठल्याच भाषेत गळत नाही," असं म्हणायचे. शिवाय गावात सगळ्यांना इंग्रजी येतंच, मग कशाला?

गेल्या वर्षी शाळेच्या नाटकात माझ्या एका वाक्यावर अख्खा हॉल खदखदून हसला. मी स्टेजवरून बाबांकडे पाहिलं. तेही हसत होते, पण सगळ्यांच्या नंतर, शेजारच्याकडे बघून. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंगळवारच्या वेल्श क्लासला नाव घातलं. कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आठ महिने ते व्हॅनमध्ये एकटेच वाक्यं घोकत हिंडले. आणि कुणाशी बोलायला जावं, तर समोरचा लगेच, "अरे वा डॅरेन, छान हं!" की पुढचं सगळं इंग्रजीत. परवा बुधवारी त्यांनी क्लासची वही ड्रॉवरमध्ये आपटली.

"शनिवारी दुकानात माझी पाळी आहे, नऊ ते बारा," ते म्हणाले. "बाराच्या आत एक तरी माणूस माझ्याशी वेल्शमध्ये नीट बोलला, तर ठीक. नाहीतर क्लास बंद. भिंतीशी किती दिवस बोलायचं माणसाने?"

गावातलं दुकान गावकऱ्यांनीच चालवायला घेतलंय, सगळे पाळीपाळीने फुकट राबतात. पाळ्या नेरिस आंटी लावतात. मी त्यांना माझी युक्ती पटवली, आणि शनिवारी सकाळी बाबांच्या पाठीमागच्या भिंतीवर, त्यांना दिसणार नाही अशा बेताने, वेल्शमध्ये एक झकास पाटी चिकटवली: 'बाबांशी इंग्रजी बोलू नका.'

मला वाटलं, काय डोकं आहे माझं!

कसलं डोकं? लोकांनी पाटी वाचली आणि घाबरलेच. इंग्रजी बोलायचं नाही, आणि वेल्श बोलावं तर बिचाऱ्याची परीक्षा घेतल्यासारखं होणार! मग त्यांनी बोलणंच सोडलं. आमच्या गणिताच्या बाईंनी दुधाकडे बोट दाखवलं, दोन बोटं वर केली आणि मान डोलावली. रविवारी चॅपलमध्ये तासभर न थांबणारे पाद्रीसाहेब अंडी उचलून नुसते हसून गेले.

"सगळे दात उपटून घेऊन आलेत की काय आज?" बाबा माझ्याकडे वाकून पुटपुटले. मी बिस्किटांचे पुडे सरळ करत बसले.

सव्वाअकराला ते ब्रेड घ्यायला मागे वळले आणि त्यांना पाटी दिसली. ती वाचण्याइतकं वेल्श त्यांना येत होतं. कान लाल.

"तू लावलीस?"

"बाबा, मी फक्त—"

"मी काय प्राण्यांच्या बागेतलं माकड आहे? 'खायला घालू नका' म्हणून पाटी लावायला? काढ ती."

मी काढली. माझ्या हुशारीने त्यांची सगळी सकाळ खाल्ली होती. डोळ्यांत पाणी येणार म्हणून मी मुद्दाम जांभई दिली.

साडेअकराला दार धाडकन उघडून ग्विलिम आले. वय शहात्तर, मेंढ्या तीनशे, राग कायमचा. ऑक्टोबरमध्ये बाबांनीच त्यांचा बॉयलर दुरुस्त केला होता. त्यांनी ना ब्रेड मागितला, ना पेपर. थेट वेल्शमध्ये सुरू झाले.

"तो तुमचा बॉयलर! रात्रभर कण्हतो. माझी बायको म्हणते, घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय!"

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नेरिस आंटींनी मदतीसाठी तोंड उघडलं. आता इंग्रजी येणार, हे मला कळलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. मुद्दाम.

"पुन्हा," बाबा वेल्शमध्ये म्हणाले. "हळू."

ग्विलिम पुन्हा म्हणाले. हळू नाही, मोठ्याने.

कण्हण्याबिण्हण्याचं बाबांना कळलं नसावं, पण 'बॉयलर' कळलं आणि तोंडावरचा राग कळला. बाबांच्या कामाला नावं ठेवलेली त्यांना अजिबात खपत नाहीत.

"माझा बॉयलर नाही ओरडत! पाइप ओरडतो. तुझा पाइप. जुना! मी म्हटलं, नवा घे. तू म्हटलं, महाग!"

शहात्तर वर्षांच्या ग्विलिमना 'तू'! आठ महिने व्हॅनमध्ये स्वतःशीच बोलल्याची फळं.

ग्विलिमच्या भुवया टोपीत शिरल्या. "महाग होताच! लुटारू!"

"लुटारू तू!" शब्द गरम होता, बाबांनी तसाच परत फेकला. "सहा तास काम! चहा? एक कप नाही!"

मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "हे मात्र खरं हं, डॅरेन," बेकरीवाली मायर म्हणाली, चक्क वेल्शमध्ये. "माझ्या भावाने यांचं छप्पर शाकारलं, त्यालाही नव्हता दिला."

"चहा? आम्हाला तर पाणीसुद्धा विचारलं नाही," तिच्या मागचा म्हणाला.

मग काय, सगळी रांग ग्विलिमच्या चिक्कूपणावर तुटून पडली. बाबांना निम्मं कळत होतं. "काय? काय म्हणाली?" असं ते विचारायचे आणि कुणीतरी तेच परत सांगायचं, वेल्शमध्येच. कुणीच इंग्रजीत वळलं नाही. भांडणाच्या नादात सभ्यपणा विसरले सगळे! बारा वाजून दहा मिनिटं झालेली मी पाहिली. बाबांनी घड्याळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"सोमवारी या," शेवटी ग्विलिम गुरगुरले. "पाइप बघा. चहा मिळेल." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि हिला भाषांतराला आणू नका. आपलं आपण भांडू."

ते गेल्यावर बाबांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कागदी पिशवीवर काहीतरी लिहायला घेतलं.

"टॅम्सिन, ते 'लुटारू' लिहितात कसं?"

"मंगळवारी क्लासमध्ये विचारा."

"मंगळवारी काय उपयोग? सोमवारीच जायचंय मला," बाबा म्हणाले आणि पिशवी घेऊन नेरिस आंटींकडे गेले. विचारलंही वेल्शमध्येच. आंटी एका पायावर उभ्या राहून दुसरा चोळत होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि एकेक अक्षर सावकाश, वेल्शमध्येच सांगायला लागल्या.