हौदातली झाडं कोणी नेली?

मित्रांनो, मी एक जुना हौद आहे. माझ्यावर कधी निबंध लिहायची वेळ आलीच, तर ‘मला फार आनंद होतो’ हे वाक्य कृपा करून घालू नका. मला सध्या आनंद होत नाही. मी रागावलेलो आहे, आणि का रागावलो ते ऐकल्याशिवाय तुम्हाला सोडणार नाही.

खडकी स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर दीनानाथांचं बैठं घर आहे. त्याच्या मागच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीला खेटून मी आहे. पन्नास वर्षांपूर्वी नळाला दिवसातून तासभरच पाणी यायचं, म्हणून दीनानाथांच्या वडिलांनी मला बांधून घेतलं. गवंडी जुन्या वळणाचा होता. त्याने विटा नीट भिजवल्या, सिमेंट घोटून घोटून लावलं. आजतागायत माझ्यातून थेंब गळलेला नाही. पाणीकपात असली की शेजारीपाजारी बादल्या घेऊन यायचे आणि हौद असावा तर असा म्हणायचे. मग गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी आली, आणि माझ्यात फुटक्या कुंड्या, मोडकी सायकल आणि रंगाचे रिकामे डबे पडले. वीस वर्षं. त्याचाही राग आहे, पण तो जुना आहे, तो राहू दे.

सहा वर्षांपूर्वी दीनानाथ कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे ते तपासनीस होते, वस्तू मापात आहे की नाही ते बघायचं काम. घरी बसून ते आता सगळ्यांनाच तपासायला लागले, म्हणून त्यांच्या मुलाने, आमोदने, त्यांना आठ कोई मासे, म्हणजे रंगीत जपानी मासे, आणून दिले. मला घासूनपुसून स्वच्छ केलं. तळाशी कमळाची कुंडी आली, दोन कुंड्या लिलीच्या आल्या, वर जलपर्णी तरंगायला लागली. खरं सांगतो, तेव्हा मला आनंद झाला होता.

माशांना खाणं किती घालायचं? दीनानाथांनी पाकिटावरची सूचना दोनदा वाचली. खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो पांढरा प्लास्टिकचा चमचा घेतला आणि ठरवून टाकलं. सकाळी आठला एक चमचा, संध्याकाळी पाचला एक, तोही सपाट. तेव्हा मासे बोटाएवढे होते. आज एकेक मासा हाताच्या कोपरापर्यंत भरेल. चमचा अजून तोच आहे.

त्यांच्या बायकोच्या, वासंतीवहिनींच्या, हे लगेच लक्षात आलं होतं. “अहो, मासे वाढले, आता खाणंही वाढवा की,” त्या म्हणाल्या.

“माप म्हणजे माप. पस्तीस वर्षं मी मापंच तपासली आहेत,” दीनानाथ म्हणाले.

वहिनी वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. मंडईतून आणलेली भाजी त्या माझ्या कठड्यावर बसून निवडायच्या आणि पालकाची देठं, कोबीची वरची पानं गुपचूप पाण्यात सोडायच्या. मासे खाऊन तृप्त, झाडं जागच्या जागी, दीनानाथ खूश. सोबतीला भिंतीपलीकडच्या श्यामलाताई असायच्या. नारायण पेठेतल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिकवलं. या दोघींनीच हट्टाने भिंतीत छोटं लोखंडी दार बसवून घेतलं होतं. त्याला दोन्ही बाजूंनी कडी होती, पण ती लावायची वेळ कधी कोणावर आली नाही.

चार वर्षांपूर्वी वहिनी आजारी पडल्या. शेवटचं अंगणात आल्या तेव्हा माझ्या कठड्याला धरून श्यामलाताईंना म्हणाल्या, “मी नसले की माशांना देठं तूच घाल. ह्यांना मात्र कळू देऊ नकोस. ह्यांच्या मापाला कोणी नाव ठेवलं की ह्यांना अन्न गोड लागत नाही.”

“बरं,” श्यामलाताई म्हणाल्या.

मित्रांनो, त्यांचं ‘बरं’ म्हणजे काम झालंच समजायचं. चार वर्षं त्या रोज सकाळी साडेसहाला परडी घेऊन त्या दारातून यायच्या. परडीतली देठं माझ्यात सोडायच्या, आणि वहिनींनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे देवाला आमच्या अंगणातल्या पाच जास्वंदी घेऊन जायच्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दीनानाथांना जाणाऱ्या जास्वंदी तेवढ्या दिसत. येणारी देठं दिसत नसत. “जास्वंद आमची, पुण्य ह्यांचं,” असं ते चहात पुटपुटायचे.

या एप्रिलमध्ये श्यामलाताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे त्या कोथरूडला मुलाकडे राहिल्या. चौथ्या दिवशी माझ्यातली जलपर्णी संपली. मग लिली गेली. मासे वाईट नाहीत हो. भुकेपोटी त्यांनी कुंड्यांतली माती तोंडाने उकरली, मुळं ओढली, देठं कुरतडली. हे सगळं माझ्या पोटात चाललं होतं आणि मला कोणाला हाक मारता येत नव्हती. दीनानाथ रोज रिकाम्या कुंड्या मोजत आणि मान हलवत. वाकून पाण्यात बघावं, असं त्यांच्या मनात एकदाही आलं नाही.

श्यामलाताई परत आल्या त्या काळा चष्मा लावून. दुसऱ्या सकाळी परडी कठड्यावर ठेवून त्या वाकल्या. कमळाचा गड्डा मुळासकट उपटून वर आलेला त्यांना दिसला. त्यांनी बाही सारली, पाण्यात हात घातला आणि तो पुन्हा कुंडीत खोचायला हातात घेतला. नेमकं तेव्हाच मागचं दार उघडून दीनानाथ बाहेर आले.

“वा. फुलं झाली, आता झाडंही का?” ते म्हणाले. झाडं गेली तेव्हा ताई कोथरूडला होत्या, हा हिशेब त्यांनी केलाच नाही.

“भावजी, मी हे...” श्यामलाताईंनी सुरुवात केली. मग दीनानाथांच्या हातातल्या पांढऱ्या चमच्याकडे त्यांची नजर गेली आणि त्या थांबल्या. खरं कारण सांगितलं असतं तर वहिनींना दिलेला शब्द मोडला असता. “बरं,” एवढंच म्हणून त्या दारातून निघून गेल्या. कोपरापर्यंत हात निथळत होता, तो त्यांनी पुसलाही नाही.

परडी राहिली. दीनानाथांनी आत डोकावून देठं बघितली आणि म्हणाले, “कचराही आमच्याकडेच आणून टाकतात.” त्यांनी ती कचऱ्याच्या डब्यात ओतली आणि रिकामी परडी भिंतीवर ठेवली. मी फुटलो नाही, हे त्या गवंड्याचं कौशल्य.

दुपारपर्यंत दाराला कुलूप लागलं आणि दारावर पाटी. दीनानाथांचं अक्षर सुंदर आहे, ते नाकारून चालणार नाही. ‘सूचना. हौदातील झाडे खासगी आहेत. देवाला चोरीचे चालत असल्यास देवाने स्वतः येऊन न्यावीत.’ येणाऱ्याजाणाऱ्याला ते ही पाटी मुद्दाम दाखवत. तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेली बाई, आणि तिच्यावर ही पाटी. मला हात असते तर मी ती पाटी भिजवली असती.

कुलूप लागल्यावर तीन दिवसांत कमळही गेलं. आता तरी या माणसाला उमजेल, असं मला वाटलं. छे. “भिंतीवरून येत असणार,” दीनानाथ म्हणाले. सहा फुटांची भिंत, अडुसष्ट वर्षांची बाई आणि कालपरवा ऑपरेशन झालेला डोळा. आणि हे म्हणे तपासनीस.

त्यांनी पुन्हा कमळ आणलं, आणि शाळेला सुट्टी असलेल्या नातीला, तनयाला, पाळत ठेवायला सांगितलं. दीनानाथ दुपारी एक ते चार झोपतात, त्यात बदल शक्य नव्हता. तनयाने व्हिडिओ चालू करून बाबांचा मोबाइल विटेला टेकवून माझ्या कठड्यावर ठेवला. चार वाजता तिने आजोबांना उठवलं.

“आजोबा, चोर सापडले. आठ आहेत.”

दोघं कठड्यावर बसून बघत होते. मोबाइलमध्ये एक मासा कमळाचं मूळ ओढत होता, दुसरा कोवळं पान फाडत होता. दीनानाथांनी ते दोनदा बघितलं.

“पण ते इतके उपाशी का आहेत?” तनयाने विचारलं.

“उपाशी कसे? मी मापात घालतो.”

“हा चमचा किती वर्षांचा आहे?”

दीनानाथांनी चमच्याकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा वाकून माशांकडे बघितलं. तनया बोलायची थांबली नाही. “आणि श्यामलाआजी फुलं तोडायच्या आधी पालकाची देठं टाकायच्या. मी बघितलंय. त्या दिवशी परडीत तीच होती. तुम्ही फेकलीत.”

पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. कुलूप उघडलं आणि दार ढकललं. ते उघडलं नाही. पलीकडून कडी लावलेली होती. पहिल्यांदाच.

“श्यामलाताई,” ते दाराला म्हणाले. पलीकडे भाजी निवडल्याचा आवाज येत होता. “चुकलं माझं. मी वाट्टेल ते बोललो. पण तुम्ही तरी सांगायचं होतं.”

“वासंतीला शब्द दिला होता,” पलीकडून आवाज आला. “तुमच्या मापाला नाव ठेवायचं नाही म्हणून.”

दीनानाथांनी दाराच्या लोखंडाला हात टेकला. मग त्यांनी विचारलं, “किती घालायचं?”

“खातील तेवढं,” त्या म्हणाल्या. आणि भिंतीवरून पालकाची मूठभर देठं माझ्यात येऊन पडली.

मित्रांनो, आता दीनानाथ रोज सकाळी साडेसहाला स्वतः पाच जास्वंदी तोडून भिंतीवरच्या परडीत ठेवतात. परडी पलीकडे जाते आणि देठं भरून परत येते. बोलणं होत नाही. तुमच्याकडे काही नाहीसं झालं, तर कोणाचं नाव घेण्याआधी वाका, पाण्यात हात घाला, आपण कोणाला उपाशी ठेवलंय का ते बघा. पाटी नंतर लिहा. मला विचाराल तर लिहूच नका.

झाडांचं म्हणाल तर ती पुन्हा लावली आहेत, कमळाला नवं पानही फुटलंय. दार मात्र पलीकडूनच उघडायचं आहे. श्यामलाताईंनी घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.