पाचव्या वर्गातली जमीन

खारी जमीन म्हटली की लोकांना सगळी एकच वाटते, याचा मला राग येतो. आमच्या कचेरीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही तसंच वाटतं, त्याचा तर जास्तच. अरे, एक जमीन असते जिच्यावर मीठ वर येऊन बसतं. ती पांढरी, भुसभुशीत असते, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो. तिला आम्ही शोर म्हणतो. आणि एक असतो ताकीर. त्याचं मीठ खाली हातभर खोल दडलेलं असतं, वर फक्त सोडा. सोड्यामुळे चिकणमाती अशी आवळली जाते की उन्हाळ्यात फरशीसारखी टणक होते आणि तिला षटकोनी भेगा पडतात. पाऊस पडला की ती माती फुगते, भेगा मिटतात, आणि थेंबभर पाणी खाली जात नाही. शोरावर काही जगत नाही. ताकीरवर मात्र आम्ही तुर्कमेन जगतो, कारण ते न जिरणारं पाणी वाहून येतं ते आमच्याकडे.

माझं नाव ओगुलगेरेक. त्याचा अर्थ ‘मुलगा हवा’. चौथी मुलगी झाल्यावर वडिलांनी देवाला दिलेला तो निरोप होता. देवाने तो वाचला नाही, मला मात्र जन्मभर वागवावा लागला. मी अश्गाबादला मृदाशास्त्र शिकले आणि जमीन-सर्वेक्षणाच्या कचेरीत लागले. कापसासाठी खणलेला मोठा कालवा वाळवंटात शिरला त्याच्या तिसऱ्या वर्षी मला आकगुयीच्या ताकीरचं सर्वेक्षण करायला पाठवलं. आकगुयी हे माझ्या आईचं माहेर. तिथे माझा यागमिर मामा राहतो.

मामा त्या ताकीरचा राखणदार आहे. हुद्दा कोणी दिलेला नाही, त्याच्या बापाकडून त्याच्याकडे आला. ताकीर साडेतीन किलोमीटर लांब, एका बाजूला बेताने उतरता. उताराच्या टोकाला वाळूच्या कडेने चर खणलेले आहेत, ते पाणी एका खड्ड्यात नेतात. खड्ड्याच्या तळाशी वाळू. पाणी तिच्यात मुरतं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दुधावर साय राहते तसं. त्याच्याभोवती सात विहिरी आहेत. चामड्याचा पोहरा हळूच सोडायचा, वरचंच पाणी घ्यायचं. बेचाळीस घरं आणि त्यांची मेंढरं त्यावर जगतात. म्हणून पहिल्या थंडीपासून वसंतापर्यंत ताकीरवर एकही जनावर जाऊ द्यायचं नाही. चुकून एखादा उंट गेला तर मामा स्वतः झाडू घेऊन लेंड्या वेचतो, मग उंटाच्या मालकाच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

कचेरीच्या तक्त्यात या सगळ्याला एक शब्द होता, ‘तिसरा वर्ग’. तिसरा म्हणजे सुधारता येण्याजोगी. जिप्सम टाका, खोल नांगरा, वाळू मिसळा, कालव्याच्या पाण्याने धुवा आणि कापूस लावा. पुस्तकात हे लिहिलेलं आहे आणि ते खोटंही नाही. एवढं जिप्सम कोणी आणून टाकणार नाही, ही गोष्ट मात्र पुस्तकात नव्हती. शेजारच्या सामूहिक शेतावर मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. जिप्समच्या नावाने दोन गाड्या आल्या, बाकीचं कागदावर पसरलं. नांगर फिरला, पाणी सोडलं. पाणी महिनाभर तसंच साचून हिरवं झालं, आणि वाळल्यावर त्या मातीत सरकी रुजण्याऐवजी कुजली. ताकीर मेला आणि कापूसही आला नाही.

साहेब, म्हणजे रेजेप ओराझोविच, यांना मी हे सांगायला गेले. ते आमच्यातलेच, आजोबा त्यांचे उंट पाळायचे. पण राजधानीतून कापसाखाली आणायच्या बाराशे हेक्टरचा आकडा आला होता आणि साहेबांच्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं. ते म्हणाले, तू खड्डे खण, नमुने आण, वर्ग लिही. पाण्याचं बघायला पाण्याची कचेरी आहे. पाण्याच्या कचेरीत गेले तर त्यांच्या यादीत फक्त कालवे आणि पंप. पावसाने भरणारी विहीर त्यांच्या लेखी नव्हतीच. मी परत आले तेव्हा माझं डोकं इतकं तापलेलं होतं की दुपारचं जेवणही गेलं नाही.

मग मी आयुष्यात पहिल्यांदा खोटेपणा केला, आणि तोही हुशारीने. आकगुयीत सहा खड्डे खणले. प्रत्येकातून थराथराने माती घेतली, हातावर भिजवून औषधाचा थेंब टाकला, सोड्याने ती गुलाबी झाली. अॅसिड टाकलं, चुन्याने फसफसली. अगदी पुस्तकातल्यासारखा ताकीर. ती सगळी माती मी तिथेच ओतून टाकली. मग टेकाडापलीकडच्या शोरावर गेले, पांढरी मिठाळ माती खरवडून पिशव्या भरल्या आणि आकगुयीची लेबलं बांधली. प्रयोगशाळेचे आकडे आले ते पाहून साहेबांनी चष्मा पुसला. इतकं मीठ त्यांनी कागदावर कधी पाहिलं नव्हतं. मी फॉर्म भरला, ‘पाचवा वर्ग. कोणत्याही उपयोगाची नाही.’ खाली सही केली, पूर्ण नावाने.

कापसाच्या नकाशावरून आकगुयी उडालं. साहेब दोन दिवस धुसफुसले, मग दुसरीकडून आकडा भरून काढला.

मी मामाला जाऊन सांगितलं की नांगर येणार नाही. कसं जमवलं ते सांगितलं नाही, फक्त म्हटलं की मी लिहिलं म्हणून ताकीर वाचला. मामाने मेंढा कापला. बेचाळीस घरांतली माणसं अंगणात बसली, तंदुरातल्या गरम रोट्या कुस्करून मटणाच्या रश्श्यात घातल्या, कांदा चिरला, दोग्रामाच्या परातीवर परात फिरली. आयसोल्तान मामीने सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, “हिच्या बापाने मुलगा मागितला होता. मुलगा असता तर आज ट्रॅक्टरवर बसून आपल्याच दारात आला असता.” सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की आता आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दीड वर्षाने, मार्चमध्ये, मी दुसऱ्या कामासाठी त्या भागात गेले होते. ताकीरच्या वरच्या टोकाला लाल रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या, सरळ रेषेत, क्षितिजापर्यंत. मोजणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, निचऱ्याचा नाला. कापसाची शेतं धुतलेलं पाणी कुठेतरी सोडायला हवं ना, त्यात मीठ असतं, कापसाची पानं गाळायचं औषध असतं. म्हणून ही जागा धरली, ही काही कामाची नाही.

मी तशीच गाडी वळवली आणि कचेरीत साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. ओरडलेही असेन, कारण टायपिस्ट उठून दार लावून गेली. साहेब शांतपणे उठले, कपाटातून माझा फॉर्म काढला आणि समोर ठेवला.

“सापारोवा,” त्यांनी मला आडनावाने हाक मारली, “हे अक्षर कोणाचं?”

“माझं.”

“कोणत्याही उपयोगाची नाही, असं तूच लिहिलंस. मग घाण पाणी उपयोगाच्या जमिनीवर सोडू का?”

मी म्हटलं की ते चूक आहे, नमुने चुकले होते. मला वाटतं साहेबांना सगळं तेव्हाच कळलं. ते म्हणाले, चुकले असतील तर तसं लेखी दे. मी वर्ग बदलून तिसरा करतो, नाला दुसरीकडे वळवतो आणि पुढच्या वसंतात तिथे नांगर घालतो. पाचवा किंवा तिसरा, काय ते तूच ठरव, आठ दिवसांत सांग. माझ्या नोकरीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान रागावायला ती एक जागा मिळाली असती.

नांगर की नाला. आठ दिवस मी त्या दोन शब्दांवर डोकं आपटलं. नांगरला तर कवच फुटेल आणि पाणी वाहून येणारच नाही. नाला सोडला तर विष वाहून येईल, तेही चरांतून थेट विहिरींत. ते चर आमच्या बापजाद्यांनी इतके नीट खणून ठेवले होते की त्या घाण पाण्याला वाट शोधायचीही गरज नव्हती. शेवटी फॉर्मची कार्बन प्रत घेतली आणि मामाकडे गेले. ठरवायचं तर त्यानेच ठरवावं, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला एकटीने ते पाप घ्यायचं नव्हतं.

मामा चरातला गाळ काढत होता. मी चराच्या काठावर बसले आणि सगळं सांगितलं, पिशव्या कुठे भरल्या, लेबलं कशी बांधली, तेही. त्याने फावडं बाजूला ठेवलं, हात झटकले आणि कागद मागितला. त्याला रशियन वाचता येत नाही. तो म्हणाला, “जे लिहिलंस ते आपल्या भाषेत सांग.”

मी वाचून दाखवलं. जागेचं नाव, खड्ड्यांची संख्या, मिठाचं प्रमाण. मग ते वाक्य आलं, ही जमीन कोणत्याही उपयोगाची नाही. मामा ताकीरकडे बघत होता. परवाच पाऊस होऊन गेला होता आणि अजून पाण्याचा पातळ पापुद्रा वर चमकत होता, हळूहळू आमच्याकडे सरकत होता.

“हे तू लिहिलंस,” तो म्हणाला.

“तुमच्यासाठी लिहिलं, मामा. नांगर थांबवायला. दुसरा इलाजच नव्हता. त्या तक्त्यात दोनच गोष्टी बसतात, कापूस नाहीतर काहीच नाही. पाणी कुठे बसतच नाही.”

मला वाटलं तो शिव्या देईल. उंटवाल्यांना देतो तशा दिल्या असत्या तर मी आनंदाने खाऊन घेतल्या असत्या. पण त्याने कागद डोळ्यांजवळ नेला आणि सहीच्या वरच्या जागेवर बोट ठेवलं.

“या ओळीत नुसती रेघ का आहे?”

“ते शेरा म्हणून असतं.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तक्त्यात न बसणारं काही सांगायचं असेल तर ते तिथे लिहायचं.”

मामाने मान हलवली, समजल्यासारखी. मग विचारलं, “आणि तुला काही सांगायचं नव्हतं?”

मी सहा वर्षं ते फॉर्म भरत होते, शेकडो भरले असतील, आणि त्या ओळीत प्रत्येक वेळी एक आडवी रेघ मारून पुढे गेले होते. सगळेच मारायचे. साहेबांवर चिडले, पाण्याच्या कचेरीवर चिडले, पुस्तकावर चिडले, लेबलं बदलण्याची अक्कल लढवली, पण इथे बेचाळीस घरं पाणी पितात हे साधं वाक्य लिहायचं मला सुचलं नाही. ते लिहून काही झालं असतं की नाही मला माहीत नाही. कदाचित साहेबांनी त्यावरही चष्मा पुसला असता. पण ते वाक्य कागदावर असतं, आणि ते पुसायला कोणाला तरी स्वतःची सही करावी लागली असती.

कचेरीत परत जाऊन मी सगळं लेखी दिलं, नमुन्यांची अदलाबदल, शोराची जागा, तारीख. नवा फॉर्म भरला आणि शेऱ्यात विहिरींची संख्या, घरांची संख्या, चरांची लांबी, सगळं बारीक अक्षरात लिहिलं. मला नोकरीवरून काढलं, ते ठीकच झालं. नव्या फॉर्मवर शिक्का बसला, ‘काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याचा अहवाल, ग्राह्य नाही’. जमीन पाचव्या वर्गातच राहिली, कारण जुना अहवाल आधीच वर मंजूर झाला होता आणि काढून टाकलेल्या बाईच्या सांगण्यावरून साहेबांनाही तो बदलता येईना.

नाला पुढच्या एप्रिलमध्ये उघडला. पाणी तपकिरी होतं आणि त्याला वास येत होता. मामाने चरांची तोंडं वाळूने बुजवायला माणसं उभी केली, चार दिवस टिकलं, पाचव्या दिवशी फुटलं. जूनमध्ये मेंढरं विहिरीवरून तोंड फिरवू लागली. ऑक्टोबरपर्यंत आकगुयीत मामा-मामीसकट नऊ घरं उरली आणि टँकरची वाट बघणं सुरू झालं.

जुन्या फॉर्मची ती कार्बन प्रत मामाने मला परत दिली नाही आणि मी मागितली नाही. पण दुसरा एक कोरा फॉर्म माझ्याकडे आहे. शेऱ्याची ओळ मी पट्टीने मोजली. अकरा सेंटिमीटर भरली. बेचाळीस घरं तिच्यात आरामात मावली असती.