संत अंतोनींचा उजवा हात

रविवारी, १२ जानेवारीला सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या डाव्या फळीला चीर गेली. अक्रोड फोडल्यासारखा आवाज झाला. प्रवचन चालू होते. पहिल्या बाकावरच्या देल्फिना आजींनी कुणाच्या हातून काय पडले ते वळून पाहिले. वर, माझ्याकडे, कुणीच पाहिले नाही.

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. मोंतेरूव्हा गावाच्या चर्चमध्ये वेदीमागे मी पाचशे वर्षे उभे आहे. हे गाव द्राक्षारसाची लाकडी पिंपे घडवणाऱ्यांचे. त्यांनीच पॉपलरच्या लाकडाच्या तीन फळ्या रंधा मारून जोडल्या आणि एका फिरत्या चित्रकाराच्या हवाली केल्या. त्याने त्यांवर खडू आणि सरसाचे आठ थर दिले, अंड्याच्या बलकात रंग कालवले आणि एका हिवाळ्यात मला पुरे केले. मध्ये मरियामाता आणि बाळ. उजवीकडे संत बार्बरा, मेणबत्त्यांच्या काजळीने काळवंडलेली. डावीकडे गुराढोरांचे रक्षणकर्ते संत अंतोनी, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, पायाशी डुक्कर. ते डुक्कर गावातलेच होते. वसंतापर्यंत ते राहिले नाही, मी राहिले.

युद्धात सैनिक आले तेव्हा गावकऱ्यांनी एका मोठ्या पिंपाचा तळ काढला, मला आत उभे केले आणि तळ पुन्हा ठोकून बसवला. चौदा महिने मी द्राक्षारसाच्या वासात काढले. बाहेर आले तेव्हा माणसे रडली. पुढे तरुण शहरात गेले, आणि हिवाळ्यात चर्चला पाचच माणसे येऊ लागली.

"फादर, माझे गुडघे थंडीत देवाचंसुद्धा ऐकत नाहीत," गेल्या ऑक्टोबरात देल्फिना आजी म्हणाल्या.

"तुझे गुडघे कधी कुणाचं ऐकत होते? नाचताना माझ्याच पायावर पडायचे," एवाझियो म्हणाले. ते गावातले शेवटचे पिंप घडवणारे. चर्चच्या किल्ल्या त्यांच्याकडेच असतात.

मग चर्चमध्ये हीटर आला. बाके भरली. मला आनंद झाला, हे नाकारत नाही. पण त्या कोरड्या उबेने माझे लाकूड आकसत चालले होते. माझ्यावर डुकरासकट पाच चेहरे आहेत. बोलता एकालाही येत नाही.

चीर एवाझियोंना कुलूप लावताना दिसली. शुक्रवारी संत अंतोनींचा सण होता. त्या दिवशी गावची जनावरे चर्चच्या दारात आशीर्वादाला येतात.

"शहरातल्या जुन्या चित्रांच्या कार्यालयाला कळवू या," फादर म्हणाले.

"पलीकडच्या गावाचं चित्र त्यांनी नेलं, त्याला एकतीस वर्षं झाली. अजून दुरुस्तच होतंय. फादर, लाकूड मला कळतं. पिंप वाळलं की फटी पडतात, पाणी पाजलं की मिटतात."

त्यांनी माझ्या पाठीला ओली गोणपाटे लावली. दर चार तासांनी ती बदलली. बुधवारी चीर मिटली.

"शिवणसुद्धा दिसत नाही रे," देल्फिना आजी म्हणाल्या. "म्हाताऱ्या, हातात अजून आहे तुझ्या काहीतरी."

पिंपावर रंग नसतो. माझ्या रंगाखालचा खडू आणि सरस पाण्याने मऊ पडले होते. ते मला कळत होते, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

शुक्रवारी दारात शेळ्या, गाढवे आणि दोन गाई उभ्या होत्या. आत हीटर पूर्ण जोरात होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी संत अंतोनींच्या हातावरचा रंग फोडासारखा फुगला आणि पापुद्रे सुटून खाली पडला. एवाझियो अंगात सणाचा कोट असतानाच तिथे गुडघ्यांवर बसले.

सोमवारी शहरातून मारिएला बाई आल्या. जुनी चित्रे दुरुस्त करणे हे त्यांचे काम. उरलेला रंग गळू नये म्हणून त्यांनी त्यावर पातळ कागद चिकटवला.

"पाणी कुणी लावलं?"

"मी, बाई," एवाझियो म्हणाले.

बाईंनी कागदाची कड बोटाने दाबून बसवली. मग म्हणाल्या, "लाकूड वाचवलंत तुम्ही."

जमलेल्या गावकऱ्यांना त्यांनी दोन वाटा सांगितल्या. इथेच दुरुस्ती हवी तर हीटर कायमचा बंद. हीटर हवा तर मला शहरात न्यावे लागेल.

"परत कधी येईल?" फादरांनी विचारले.

"ते मला सांगता येणार नाही."

"आम्ही दोन दोन कोट घालू," देल्फिना आजी म्हणाल्या आणि मागच्या बाकांकडे वळल्या. मागच्या बाकांवरची माणसे फरशीकडे पाहत होती. त्यांतली अर्धी ऐंशीच्या पुढची आहेत. मी त्यांना दोष देत नाही.

मित्रांनो, एवाझियोंइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही. म्हणून सांगते: जुनी वस्तू दुखावली तर हात लावण्याआधी ती कशाकशाची बनली आहे, ते जाणत्याला विचारा. मायेला ते आपोआप कळत नाही.

आज गुरुवार, २३ जानेवारी. सकाळचे अकरा वाजले आहेत. माझ्या मापाचा खोका वेदीपाशी उघडा आहे. मारिएला बाईंच्या काचेच्या बशीत हातावरच्या रंगाचे एकोणीस तुकडे जमले आहेत. दोन बोटे सापडलेली नाहीत. एवाझियो टॉर्च घेऊन तिसऱ्या बाकाखाली शोधत आहेत. मला नेण्याच्या परवानगीचा कागद फादरांपुढे आहे. त्यावर अजून सही झालेली नाही.