शेवट नसलेली कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे मित्रांनो, प्रेमाची आणि खुनाची. माझी शेवटची पानं मात्र माझ्याजवळ नाहीत.

छापखान्यातून आले तेव्हा पूर्ण होते. वाचनालयात माझ्यासाठी भांडणं व्हायची. कारण एकच, माझा नायक. उंच, मानेवर जखमेची खूण, बोलणं अगदी मोजकं. नायिकेच्या मागे मागे फिरतो, तिची पत्रं तिच्याआधी फोडतो आणि एका संध्याकाळी तिच्या खोलीला बाहेरून कडी लावतो. खुनी हाच की काय, असं वाटत राहतं. तरी बायका वाचायच्या आणि म्हणायच्या, "मेला काय दिसत असेल!"

हातोहात फिरून मी खिळखिळी झाले. मग बाइंडरकडे गेले. तो माणूस कामाला वाघ, पण विसरभोळा. माझं शेवटचं प्रकरण त्याने रद्दी समजून एका गणिताच्या गाइडच्या पाठीला अस्तर म्हणून चिकटवलं. तेव्हापासून माझा नायक जिन्यावर उभा आहे. हातात किल्ली आहे. पुढे तो काय करतो, मलाही माहीत नाही.

वाचनालयाच्या मावशींनी मला फेकलं नाही. कोणी मला परत करायला आलं की शेवट त्या तोंडी सांगायच्या. "चांगला निघतो हो तो, दोघांचं लग्न होतं," असंच सगळ्यांना. ऐकून माणसं खूश व्हायची.

मग चष्म्याच्या दुकानातली मुलगी आली, भावाजवळ राहणारी. तिने मला दोनदा नेलं. दुसऱ्यांदा परत करायला आली तेव्हा समोरच्या फुटपाथवर एक माणूस उभा होता. उंच होता. हलत नव्हता.

"मावशी, शेवटी तो चांगलाच असतो ना?"

"घाई कसली एवढी?"

"उद्या मी त्याच्याबरोबर चाललेय. कायमची." तिने मान बाहेर वळवली. "सेम असाच आहे. कमी बोलतो. माझा फोनपण त्याच्याकडेच असतो. म्हणतो, उगाच तुला कोणी त्रास द्यायला नको."

"आणि भाऊ?"

"भावाशी बोललेलं आवडत नाही त्याला. जीव लावतो ना खूप."

मावशी माझ्या पुठ्ठ्यावरून फडकं फिरवत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "तोच मारतो तिला."

"काहीतरीच काय! तिला जपायला कडी लावली होती त्याने."

"कडी लावणारा दुसरं काय सांगणार, पोरी?"

मुलगी तिथेच बाकावर बसली आणि तिने मला पुन्हा उघडलं. ओळी त्याच होत्या. पत्रं, पाठलाग, कडी. फक्त तिची बोटं गार पडत गेली. मग तिने मला मिटलं आणि हळूच विचारलं, "मागचं दार उघडं असतं का?"

"भावाकडे जातेस ना?"

तिने मान डोलावली. मावशींनी दार उघडून दिलं.

मावशी खरं बोलल्या की खोटं? कितीदा विचार केला, पण मला माझा शेवट आठवत नाही.

थोड्या वेळाने तो आत आला. आवाज मऊ होता. "ती कुठंय?"

"गेली."

त्याने मला उचललं. "हे वाचायची ना? द्या, मीच पोचवतो तिला." मावशी नाही म्हणेपर्यंत तो रस्त्यावर होता.

ती त्याला सापडली नाही. एवढं मला नक्की ठाऊक आहे, कारण पुढचे कितीतरी दिवस तो भिंतीशी बोलायचा. मग एकदा त्याने मला वाचलं. सावकाश, एकेक पान. नायक त्याला फार आवडला. वाचता वाचता त्याने मानेवरून हात फिरवला, खूण शोधत असल्यासारखा.

आता मी त्याच्या खिडकीत असते. ऊन खाऊन पानं पिवळी पडलीत. परवा एक नवी मुलगी आली. हसरी आहे. तिने मला चाळलं आणि विचारलं, "अरे, याला शेवटच नाही. काय होतं रे पुढे?"

तो म्हणाला, "चांगला निघतो तो. लग्न होतं दोघांचं."

मी ओरडू शकत नाही मित्रांनो. मला फक्त उघडता येतं, तेही कोणी उघडलं तर. म्हणून हात जोडून सांगते, पुस्तकाचं पान सुटायला लागलं की तेव्हाच शिवून घ्या. शेवट नसलेलं पुस्तक ज्याच्या हातात असतं, त्याच्याच बाजूने बोलतं.